रणांगण कुणी सपाट केलं?

मुंग्यांमध्ये सर्वांत लढाऊ जात कोणती, असं विचारलं की उत्तरादाखल हत्यारांची यादी मिळते. ट्रॅप-जॉ मुंगीचा जबडा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने मिटतो, बुलेट अँटचा डंख वेदनेच्या मोजपट्टीवर सर्वांत वर, वगैरे. पण हत्यार भारी म्हणून युद्ध जिंकलं जातं का? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या सव्वाशे वर्षांत परमुलखातून आलेल्या मुंग्यांनी एकमेकींना मागे रेटलं. त्या लढायांचा क्रम पाहिला तर हत्यारांची यादी अपुरी पडते.

पहिली आली अर्जेंटिनी मुंगी. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये तिची नोंद झाली. बहुधा ब्राझीलची कॉफी आणणाऱ्या जहाजांतून ती उतरली असावी. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीची, आणि डंख मारता न येणारी. तिचं बळ भाऊबंदकी नसण्यात होतं. बहुतेक मुंग्या शेजारच्या वारुळातल्या आपल्याच जातीवर तुटून पडतात. परक्या मुलखात आलेल्या या मुंग्या मात्र एकमेकींशी सहसा भांडत नाहीत. वारुळं अनेक, फौज एक. 2002 साली युरोपात तिची अशीच एक महावसाहत इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, सुमारे 6000 किलोमीटर पसरल्याचं संशोधकांनी दाखवलं.

एवढ्याशा मुंगीची संख्या इतकी घातक का ठरते, याचं गणित ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या काळात माणसांच्या फौजांसाठी मांडलं होतं. मोकळ्या मैदानात अनेक जण मिळून एकाला घेरू शकतात, त्यामुळे फौजेचं बळ संख्येच्या वर्गाने वाढतं. सैनिक तिप्पट, तर बळ नऊपट. अरुंद जागी मात्र एकास एक गाठ पडते आणि प्रत्येकाच्या अंगचा जोर मोलाचा ठरतो. पावनखिंड ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. 1993 मध्ये हेच गणित मुंग्यांच्या लढायांना लावून पाहिलं गेलं.

दुसरी फौज अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली. काळी फायर अँट, म्हणजे आग्या मुंगी, 1918च्या सुमारास आली आणि तिची तांबडी बहीण 1930च्या दशकात. 1942 मध्ये गोदीजवळच्या पडीक जागेत तेरा वर्षांच्या एका मुलाने तांबडीचं वारूळ हेरलं. तो मुलगा म्हणजे पुढे मुंग्यांचा जगद्विख्यात अभ्यासक झालेला एडवर्ड विल्सन. संख्याबळ हिच्याकडेही होतं, शिवाय नांगीत जालीम विष. अर्जेंटिनी मुंगीला बऱ्याच ठिकाणांहून काढता पाय घ्यावा लागला.

तरीही या बलाढ्य शत्रूशी मुकाबला करणारी एक स्थानिक जात विल्सन यांनीच 1975 मध्ये दाखवून दिली. फीडोल डेंटाटा या मुंगीची छोटी कामकरीण एखाद-दुसऱ्या आग्या मुंगीला भिडली तरी गंधाचा माग सोडत तडक घरी पळते आणि मोठ्या डोक्याच्या सैनिकांना घेऊन येते. ते जबड्यांनी शत्रूचे पाय, मुंडकी छाटतात. इतर शत्रूंसाठी अशी धावपळ होत नाही. हेर सापडला की तो घरी पोहोचण्याआधीच संपवायचा, म्हणजे फौज येतच नाही. आणि आलीच, तर अंडी-अळ्या उचलून वारूळ सोडायचं.

माणसाने याच काळात उलटा मार्ग धरला. 1957 पासून अमेरिकी सरकारने लाखो एकरांवर डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकलं. रेचेल कार्सन यांनी 1962च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये या मोहिमेचे वाभाडे काढले. पुढे मायरेक्सची आमिषं आली, 1978 पर्यंत चालली आणि बंद झाली. विषाने स्थानिक मुंग्याही मेल्या आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आग्या मुंगीच आधी परतली. या सगळ्या प्रकाराला विल्सन यांनी कीटकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं.

2008 मध्ये संशोधक जोशुआ किंग आणि वॉल्टर चिंकेल यांनी फ्लोरिडातल्या प्रयोगांतून आग्या मुंगीच्या या यशाचं मूळ दाखवलं. अबाधित जंगलात आग्या मुंग्यांची वारुळं मुद्दाम नेऊन बसवली, तेव्हा स्थानिक मुंग्यांपैकी काहीच घटल्या, सगळ्या नाहीत. जमीन नांगरली, की मात्र आग्या मुंगी नसतानाही स्थानिक मुंग्या खूप कमी झाल्या.

तोवर तिसरी फौज येऊन पोहोचली होती. 2002 मध्ये ह्यूस्टनजवळ कीटकनाशक फवारणीचा व्यवसाय करणाऱ्या टॉम रास्बेरी यांना तपकिरी ‘क्रेझी अँट’ सापडली. ही डंख मारत नाही, सैरावैरा धावते. पण आग्या मुंगीचं विष अंगावर पडलं की ती मधल्या आणि मागच्या पायांवर उभी राहते, पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाचा थेंब तोंडात घेते आणि अंगभर चोपडते. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या आपल्यावर उडवतात तेच हे आम्ल. 2014च्या प्रयोगात असा उतारा करू शकलेल्या 98 टक्के मुंग्या वाचल्या. ग्रंथीचं तोंड बंद केलेल्यांपैकी निम्म्यासुद्धा नाहीत. या वेळी हत्याराने निकाल फिरवला खरा, पण हत्यार कसलं, ती ढाल, आणि तीही मुख्यतः या शत्रूसाठी.

मग या विजेत्या मुंगीचं काय झालं? तिच्या टेक्सासमधल्या अनेक वसाहती एका सूक्ष्म परजीवीमुळे कोसळल्या. संशोधकांनी मुंग्यांना हॉट डॉगचं आमिष लावून एका उद्यानात हा आजार मुद्दाम पसरवला, आणि दोनेक वर्षांत तिथल्या मुंग्यांची संख्या कोसळली, पुढे त्या नाहीशा झाल्या. हे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही फौजांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे. तिथे परजीवी आणि एकमेकींच्या दबावामुळे कुणा एकीचं निर्विवाद राज्य नाही.

2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लँचेस्टरचं गणित आधी ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकीय खेळात तपासलं आणि नंतर अर्जेंटिनी मुंगी आणि तिथली धिप्पाड मीट अँट समोरासमोर सोडून. सपाट मैदानात अर्जेंटिनी मुंग्या कमी मेल्या. अडथळे, अरुंद वाटा असलेल्या जागेत जास्त.

म्हणूनच लढाऊ जातींची क्रमवारी लावताना मैदानाचा उल्लेख गाळला, तर ती क्रमवारी फसवी ठरते. लॉन, पार्किंग, नांगरट, फवारणी असा सपाट मुलूख आपण तयार करतो आणि संख्येवर लढणाऱ्या परक्या फौजेला तोच हवा असतो. तिला रोखायचं तर नवं विष शोधण्याइतकंच, जमिनीवरचा पालापाचोळा, ओंडके आणि झुडपं जागच्या जागी ठेवणंही संरक्षणाचा भाग मानायला हवं.