एकदा येऊन जा!

‘एकदा येऊन जा रे’ असं आपण मित्रांना किती सहज म्हणतो! गाव सोडून गेलेला शाळेतला दोस्त असो, नाहीतर परदेशात शिकायला गेलेली मैत्रीण. मग वर्षं जातात आणि जाणं-येणं राहूनच जातं. पण समजा, तुम्ही खरंच गेलात. तेही चाळीस वर्षांनी! मित्र म्हातारे झालेत, शहरं ओळखू येत नाहीत आणि ज्या स्वप्नासाठी तुम्ही सगळे एकत्र झगडलात, ते अर्धंच पुरं झालंय. हे मित्रांना तोंडावर सांगाल? की मस्त जेवून-बिवून, टाटा करून परत याल?

१८२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला निघालेल्या एका फ्रेंच माणसापुढे नेमका हाच पेच होता. त्याचं नाव मार्क्विस द लाफाएत.

आधी थोडी बॅकस्टोरी. लाफाएत पहिल्यांदा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला जून १७७७ मध्ये. वय फक्त १९, म्हणजे आपल्याकडचं एसवाय-टीवायचं वय! गडगंज श्रीमंत घरचा मुलगा, लग्न झालेलं आणि राजाची परवानगी नाही. तरी पठ्ठ्यानं स्वतःच्या पैशांनी जहाज विकत घेतलं आणि इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकनांना जाऊन मिळाला. पगार न घेता लढला. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन त्याला वडिलांसारखे झाले. इतके, की त्यानं आपल्या मुलाचं नावच ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ठेवलं.

त्यानंतर तो १७८४ मध्ये एकदा अमेरिकेला जाऊन आला. मग फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि लाफाएत पाच वर्षं प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या तुरुंगांत सडला. अखेर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांनी त्याला आग्रहानं बोलावलं. मन्रो स्वतः त्याच स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक होते. १६ ऑगस्ट १८२४ ला न्यूयॉर्कमध्ये त्याचं जंगी स्वागत झालं. सोबत मुलगा होता आणि प्रवासाची रोजनिशी लिहिणारा सेक्रेटरी लव्हासर.

त्याला जे दिसलं, ते ओळखीच्या देशापेक्षा खूप वेगळं होतं. १३ राज्यांची २४ झालेली. युद्धाच्या वेळी जेमतेम २५ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८२० च्या जनगणनेत ९६ लाखांवर गेलेली. नद्यांवर आगबोटी धावत होत्या. मे १८२५ मध्ये ओहायो नदीत रात्रीच्या वेळी त्याचीच आगबोट बुडाली. सगळे वाचले आणि ६७ वर्षांचा हा गडी दुसऱ्या बोटीनं पुढे निघाला! अध्यक्षपदाची निवडणूकही त्यानं जवळून पाहिली. कुणालाच बहुमत नव्हतं, त्यामुळे निकाल फेब्रुवारी १८२५ मध्ये संसदेत लागला. तेव्हा तो राजधानीतच होता. उन्हाळ्यात सुरू झालेली ही ट्रिप लांबत लांबत तेरा महिने चालली आणि त्यानं चोवीसच्या चोवीस राज्यं पालथी घातली.

पण खरी मजा मित्रांच्या भेटींत होती. क्विन्सीला ८८ वर्षांचे माजी अध्यक्ष जॉन ॲडम्स भेटले. माउंट व्हर्नॉनला वॉशिंग्टन यांच्या समाधीपाशी तो नतमस्तक झाला. फ्रान्सिस ह्युजीची गोष्ट तर सिनेमाच! १७७७ मध्ये लाफाएतनं अमेरिकेतली पहिली रात्र ज्या घरात काढली, त्या घरातलं हे लहान पोर. मोठेपणी, १७९४ मध्ये, यानं थेट ऑस्ट्रियात जाऊन लाफाएतला तुरुंगातून पळवायचा प्रयत्न केला. तो फसला आणि तो स्वतःच कोठडीत गेला. मार्च १८२५ मध्ये चार्ल्सटनमध्ये लाफाएतचं स्वागत झालं, तेव्हा हा ह्युजी त्याच्यासोबत होता.

आणि रिचमंडच्या गर्दीत दिसला जेम्स. युद्धाच्या वेळी तो गुलाम होता आणि जीव धोक्यात घालून लाफाएतसाठी इंग्रजांच्या छावणीत हेरगिरी करत होता. पण देश स्वतंत्र झाला, जेम्स नाही! लाफाएतनं १७८४ मध्ये त्याच्या कामगिरीचं पत्र लिहून दिलं, तरी सुटका व्हायला १७८७ साल उजाडलं. सुटल्यावर त्यानं आडनाव घेतलं ‘लाफाएत’. ४० वर्षांनंतरही त्याला गर्दीत ओळखून लाफाएतनं मिठी मारली.

खरा पेच इथेच होता. १८२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत १५ लाखांहून जास्त माणसं गुलाम होती. नोव्हेंबरमध्ये लाफाएत थॉमस जेफरसनच्या घरी, मॉन्टिसेलोला पोहोचला. दोन जुने मित्र ३५ वर्षांनी भेटले, गळ्यात पडून रडले. सगळी माणसं समान आहेत असं सांगणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा हाच जेफरसन. आणि आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगणाराही हाच.

एकदा ते बग्गीतून फिरायला निघाले. बग्गी हाकत होता इस्राएल नावाचा विशीतला गुलाम. मागे काय बोलणं चाललंय, ते तो कान देऊन ऐकत होता. लाफाएतनं सरळ विषय काढला : मी इथे पैसा ओतला, लढलो, ते माणसांच्या स्वातंत्र्यासाठी, मग यातली काही माणसं अजून बेड्यांत का? जेफरसन म्हणाला, ती वेळ येईल. कधी, कशी, ते मात्र नाही सांगितलं. गुलामांना निदान शिकवा तरी, असं लाफाएतनं सुचवलं. त्यावर वाचायला शिकवू, लिहायला नको, असं उत्तर आलं!

आता लाफाएतला हिरो करून मोकळं होऊ नका. जाहीर सभांमध्ये तो मुख्यतः आभारच मानत राहिला. संसदेनं दिलेले दोन लाख डॉलरही त्यानं घेतले. पण न्यूयॉर्कमध्ये तो मुद्दाम कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गेला. तिथे अकरा वर्षांच्या जेम्स मॅक्यून स्मिथनं त्याच्या स्वागताचं भाषण केलं. हाच मुलगा पुढे ग्लासगोला जाऊन डॉक्टर झाला.

जेफरसन १८२६ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी मॉन्टिसेलोत १३० माणसांचा लिलाव झाला. गुलामगिरी संपायला १८६५ उजाडलं. पुढे स्वतंत्र झालेल्या इस्राएलनं बग्गीतलं ते बोलणं आपल्या आठवणींत सांगितलं आणि ते छापून आलं १८७३ मध्ये. त्याच वर्षी इकडे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

लाफाएत जाताना बंकर हिलची माती सोबत घेऊन गेला. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये त्याला पुरलं, तेव्हा तीच माती त्याच्या कबरीवर टाकली. म्हणजे टोकलं म्हणून प्रेम आटलं नव्हतं, आणि प्रेम होतं म्हणून टोकायचं राहिलं नव्हतं. आपल्या ग्रुपमध्ये मात्र ‘उगाच वाईटपणा कशाला’ म्हणून आपण किती वेळा गप्प बसतो, आठवून बघा. या सुट्टीत जुन्या दोस्ताकडे जाणार असाल, तर गळाभेट घ्याच. पण खटकलेली गोष्टही बोला. मित्र लगेच बदलेल याची गॅरंटी नाही, पण बग्गी हाकणारा कुणीतरी ऐकत असतो.