गावाची तब्येत

माणसाची तब्येत बिघडली की लगेच कळते. अंग तापते, तोंडाची चव जाते, माणूस अंथरूण धरतो. पण गावाची तब्येत कशी कळावी? एकाला विचारले तर तो म्हणतो, "आमच्या गावी सगळं बरं आहे." दुसरा म्हणतो, "अहो, यंदा फार पोरं गेली." दोघे एकाच गावचे. मग खरे कोणाचे धरावे?

त्यासाठी मोजावे लागते. आपण धान्य मापतो, जनावरे मोजतो. शाळेत आम्ही रोज पट मोजत असू. पण पटावर येण्याआधीच जी मुले देवाघरी जात, त्यांची गणती आमच्या वहीत नसे.

अशी गणती गडचिरोलीत झाली. गडचिरोली हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा. १९८२ साली तो चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जंगल मोठे, शेती भाताची, गावे लहान आणि दूरदूर. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे पतिपत्नी तेथे गेले आणि 'सर्च' नावाची संस्था काढून कामाला लागले. औषधे तर त्यांनी दिलीच. पण त्याबरोबर गावोगावचे जन्म आणि मृत्यू लिहून घेण्याची पक्की व्यवस्था केली.

यात अवघड ते काय, असे कोणी म्हणेल. अवघड आहे. पोरीचे पहिले बाळंतपण माहेरी होते. तिथे बाळ गेले तर माहेरचे म्हणतात, ते सासरच्या गावचे. सासरचे म्हणतात, ते इथे जन्मलेच नाही. कधी बाळ दोन दिवसांचे असते, नावही ठेवलेले नसते. घरचे गप्प बसतात. कधी बाळ एकदोन श्वास घेऊन जाते आणि लोक सांगतात, मेलेलेच जन्मले. अशी मुले कोणत्याच दप्तरात येत नाहीत. दप्तरात मृत्यू नाही, म्हणजे वरच्या साहेबाला वाटते की गाव ठणठणीत आहे.

बालमृत्यू मोजण्याची रीत सोपी आहे. हजार मुले जन्मली, तर पहिला वाढदिवस येण्याआधी त्यातली किती गेली, ते पाहायचे. मात्र लहान गावाने एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये. गावात वर्षाला २५ जन्म होत असतील आणि एकच मूल गेले, तरी हजारी ४० असा हिशेब येतो. पुढच्या वर्षी एकही गेले नाही तर शून्य! म्हणून चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत, किंवा आसपासची गावे मिळून हिशेब मांडावा.

किती गेली हे कळले की पुढचा प्रश्न येतो, कशाने गेली? गडचिरोलीत न्यूमोनिया हे एक मोठे कारण निघाले. याला कुठे 'डबा' म्हणतात, कुठे 'पोट उडते' म्हणतात. याची मुख्य खूण म्हणजे खोकला आणि भराभर चालणारा श्वास. पण अक्षरओळख नसलेल्या दाईने साठपर्यंत कसे मोजावे? त्यांनी एक साधन केले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी आणि एक मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. मला तर ही युक्ती फार आवडली.

आपल्याजवळ घड्याळ असते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे पोट वरखाली होताना मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त श्वास, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा जास्त आणि त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर तडक दवाखाना गाठावा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर घटकाभरही थांबू नये. पोटावर डागण्या देऊ नयेत. त्याने श्वास बरा होत नाही, वर जखम मात्र होते.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. बरीच मुले पहिल्या महिन्यातच जात होती. कमी वजन, जन्मताच श्वास न घेणे, अंगात जंतू पसरणे, ही कारणे. तेव्हा १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवले. त्या पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, लवकर अंगावर पाजायला लावणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे हे त्या शिकल्या. जंतू पसरल्याची खूण दिसली तर सुई देण्यासही त्या शिकल्या.

याने खरेच गुण आला की ते साल चांगले गेले? शेतकरी नवे खत अर्ध्या वावरात घालतो आणि अर्धे तसेच ठेवतो, तसेच येथे केले. दुसऱ्या ४७ गावांतही गणती चालू होती. तिथे नेहमीची सरकारी सेवाच होती. १९९७-९८ पर्यंत ३९ गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आले. ४७ गावांत ते जवळजवळ होते तिथेच राहिले.

२०११ पासून सरकारने ही घरी येऊन पाहण्याची रीत देशभर आशाताईंकडे दिली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते. दर खेपेला वजन किती भरले ते विचारून घ्यावे. जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांत नोंदवावा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि पोरगी माहेरी बाळंत व्हायला आली असेल, तर ती आल्याचे आपल्या गावच्या आशाताईला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तिच्या वहीत त्या बाळाचे नाव नसते आणि ती त्या घरी येत नाही.