एक चूक आणि सलग 244 सामने

बालमित्रांनो, शनिवारी सकाळी फूटी खेळून, चिखलाचे बूट गाडीत टाकून तुमच्यापैकी कितीतरी जण थेट मराठीच्या वर्गाला येता. म्हणून आज फूटीचीच गोष्ट, जिम स्टाइन्सची.

जिमचा जन्म 1966 साली डब्लिनला झाला. तिकडे तो गेलिक फुटबॉल खेळायचा. त्यातही चेंडू हातात घेता येतो, पण चेंडू असतो गोल! 1984 मध्ये, अठराव्या वर्षी, तो मेलबर्न क्लबात आला. इथे चेंडू लांबुळका आणि नियमही नवे.

त्यातला एक नियम समजून घ्या. मार्क किंवा फ्री किक मिळाली की समोरच्या संघाचा एक जण ठरलेल्या जागी उभा राहतो. किक मारणारा आणि तो, या दोघांच्या मधून त्याच्या संघातल्या इतर कोणी धावायचे नाही. धावल्यास किक मारणाऱ्याला पुढे नेतात. 1987 मध्ये हा दंड 15 मीटरचा होता.

त्या वर्षीच्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये अगदी शेवटी मेलबर्न 4 गुणांनी पुढे होते. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला किक मिळाली, पण गोल लांब होता. इतक्यात जिम नेमका मधून धावला! बकेनारा 15 मीटर पुढे आला आणि सायरननंतर त्याने गोल मारला. गोलचे 6 गुण. मेलबर्न 2 गुणांनी हरले. 1964 नंतर क्लबने ग्रँड फायनल गाठली नव्हती. आता तीही संधी हुकली.

लहानपणी खेळलेल्या खेळात हा नियमच नव्हता. नियम पाठ असणे वेगळे आणि दमलेल्या पायांना तो आठवणे वेगळे.

जिम मात्र खेळत राहिला. 1987 ते 1998 मध्ये त्याने एकही सामना न चुकवता सलग 244 सामने खेळले. हा विक्रम कित्येक वर्षे टिकला. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना 3, 2 आणि 1 मत देतात. त्यातून ठरणारे ब्राउनलो पदक 1991 मध्ये त्यालाच मिळाले. 1994 मध्ये त्याने पॉल करी यांच्यासोबत तरुण मुलांसाठी 'रीच' ही संस्था काढली. 2008 मध्ये तो त्याच मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला. 2012 मध्ये, 45 व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. व्हिक्टोरिया राज्याने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

पालकहो, आपली मुले 'माझा आई' म्हणतात तेव्हा नियम त्यांना ठाऊक असतो, जीभ विसरते. हसण्याआधी परदेशातला आपला पहिला इंग्रजी फोन आठवूया. आणि मुलांनो, चुकलात तरी पुढच्या शनिवारी या!