जळालेला दाणा काय सांगतो?

आजचा प्रश्न: तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे लोक काय पिकवत होते, हे कळतं कसं?

चुलीत सांडलेल्या दाण्याची राख न होता कोळसा झाला, की तो कुजत नाही. उत्खननातली माती पाण्यात ढवळली, की असे हलके दाणे वर तरंगतात. ते गाळायचे, सुकवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. मुकुंद काजळे यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. घोड नदीकाठच्या इनामगावात मुख्य पीक जव होतं, जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ, हे अशाच दाण्यांवरून कळलं.

आता आपल्या बुलढाण्यात या. संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांचा प्राचीन स्तूप सापडला. ही जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूपाचे फोटो तरी राहतील. पण जी माती अजून चाळलीच नाही, तिचा बॅकअप कुठेच नाही.

म्हणून एवढंच करा: शेतात जुनी खापरं आणि काळी राख दिसली, तर उकरू नका. फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. भेटू पुढच्या भागात!