आकडेमोड करणारी वही

विज्ञानाच्या प्रयोगवहीत तुम्ही उद्देश, निरीक्षणे आणि निष्कर्ष लिहिता. आकडेमोड मात्र बहुधा कच्च्या कागदावर करता आणि फक्त उत्तर वहीत उतरवता. तो कागद हरवला, तर उत्तर कसे आले हे सांगता येत नाही.

मोठ्या अभ्यासकांचेही असे होते. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी देशांच्या कर्जाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी खर्च कमी करावा असे म्हणणाऱ्या अनेक नेत्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता मिळवून तपासला. सरासरी काढताना वीसपैकी पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या! छापील निबंधात ही चूक दिसत नव्हती.

यावर उपाय काय? मजकूर आणि आकडेमोड एकाच दस्तऐवजात ठेवणे. १९८४ साली डोनाल्ड नुथ यांनी प्रोग्रॅम आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र लिहिण्याची पद्धत मांडली. १९८८ साली ‘मॅथेमॅटिका’मध्ये संगणकावरील नोटबुक आले. २००१ साली फर्नांडो पेरेझ यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे २०१४ साली ‘ज्युपिटर’ हा प्रकल्प उभा राहिला. ज्युपिटर नोटबुक विनामूल्य मिळते.

या नोटबुकात चौकटी असतात. काहींत आपण मजकूर लिहितो, काहींत संगणकाला सूचना देतो. ती सूचना पडद्यामागे चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाते. तो आकडेमोड करतो आणि उत्तर त्याच चौकटीखाली उमटते.

एक उदाहरण पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली. तिने सुमारे ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापले. ही माहिती एका चौकटीत लिहा. खालच्या चौकटीत सूचना द्या : ३४ भागिले ५७ गुणिले ६०. ताशी सुमारे ३५.८ किलोमीटर हा सरासरी वेग मिळेल. आता ५७ च्या जागी ४० लिहून चौकट पुन्हा चालवा. उत्तर ५१ येईल. वाचणाऱ्याला उत्तराबरोबर रीतही दिसते आणि ती तपासता येते.

ठाण्याजवळ पवईला आय. आय. टी. मुंबई ही संस्था आहे. तिच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे पायथॉन भाषेत अशा नोटबुकांत उतरवली आहेत. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीचा विद्यार्थीही इंटरनेटवरून ती उघडून आकडे बदलून पाहू शकतो.

मात्र एक काळजी घ्यावी लागते. चौकटी उलटसुलट क्रमाने चालवल्या, तर जुने आकडे संगणकाच्या स्मरणात राहतात आणि उत्तर चुकू शकते. म्हणून काम संपल्यावर सारे नोटबुक नव्याने, वरपासून खालपर्यंत चालवून पाहावे. आपले उत्तर दुसऱ्याला तपासता यावे, यातच विज्ञानाचा प्रामाणिकपणा आहे.

शब्दार्थ
आकडेमोड – हिशेब करणे
निष्कर्ष – शेवटी निघालेला अर्थ, नतीजा
दस्तऐवज – लेखी कागद
विनामूल्य – पैसे न देता, मोफत

स्वाध्याय
१. थॉमस हर्नडन यांना कोणती चूक सापडली?
२. नोटबुकातील चौकटींचे दोन उपयोग लिहा.
३. नोटबुक वरपासून खालपर्यंत पुन्हा का चालवावे?
४. तुमच्या प्रयोगवहीतील एक उदाहरण रीतीसह लिहून मित्राकडून तपासून घ्या.