तापीच्या पाण्यातला कार्बन

समुद्राचा आणि खानदेशाचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेतली ठिबकची नळी दाखवावी. काही हंगाम चाललेल्या नळीत पांढरा, टणक थर बसलेला असतो. शेतकरी म्हणतात, क्षार धरला. मग नळीत ॲसिड सोडायचं. थराला ॲसिड लागलं की फसफस होते, आणि त्या फेसातून सुटतो तो कार्बन डायऑक्साइड.

हा वायू तिथवर कसा पोचला? पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतल्या हवेतून हा वायू घेतं आणि किंचित आंबट होतं. धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारखे उभे काळे डाइक आहेत, सातपुडा-अजिंठ्याच्या रांगांतही बेसॉल्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. आंबट पाणी तो कणाकणानं विरघळवतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि वायूचं बायकार्बोनेट होतं. विहिरीचं पाणी जड लागतं ते यामुळेच, आणि नळीत थर बसतो तोही. उरलेलं बायकार्बोनेट पूर्णा, गिरणा, पांझरेतून तापीत येतं आणि मुलताईपासून 724 किलोमीटर वाहून आलेली तापी ते सुरतेजवळ अरबी समुद्रात सोडते. तिथं ते हजारो वर्षं विरघळलेलंच राहतं.

फ्रेंच भूरसायनशास्त्रज्ञांनी नर्मदा, तापी आणि वैनगंगेच्या पाण्यावरून दख्खनचा हा हिशेब मांडला, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढं असं दिसलं की सिलिकेट खडक झिजून जगभरात जेवढा वायू शोषला जातो, त्यातला जवळपास 30 टक्के वाटा एकट्या बेसॉल्टचा आहे. जमिनीचा फार थोडा भाग व्यापणाऱ्या दगडाची ही कमाई मोठीच म्हणायची.

पण दगडाचं काम संथ आणि आपलं झपाट्याचं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात एक टन देशी कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड धुराड्याबाहेर पडतो. माणसानं सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा जगभरचे समुद्र गिळतात, सगळ्यात जास्त दक्षिण महासागर. अरबी समुद्राचं मात्र वेगळं आहे. मोसमी वारे खोलचं, कार्बननं भरलेलं पाणी वर आणतात, त्यामुळे तो घेण्यापेक्षा देतोच जास्त; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे 1990च्या दशकात मोजून दाखवलं. एकूण समुद्राचं बघाल तर पृष्ठभागाचा सामू औद्योगिक काळापासून सुमारे 8.2 वरून 8.1 वर आलाय, म्हणजे आम्लता तीसेक टक्क्यांनी वाढली. पाणी जितकं आम्ल आणि कोमट, तितकी त्याची पुढचा वायू शोषण्याची ताकद कमी.

समुद्राला जोर देण्याची खटपटही झाली. 2009 मध्ये गोव्याच्या याच संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात लोह सोडलं. शेवाळ वाढेल, कार्बन तळाशी नेईल, ही अपेक्षा. तिथल्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून सिलिकेचं कवच बांधणारं डायटम हे शेवाळ वाढलं नाही. जे दुसरं शेवाळ वाढलं ते बारीक जलचरांनी खाल्लं. तळाशी फारसं काही गेलं नाही. सिलिका समुद्राला मिळते ती मुख्यतः नद्यांकडून, आणि तिचा काही भाग आपण धरणांत अडवतो. तापीवर हतनूर आहे, खाली उकाई आहे.

आता नवी टूम बेसॉल्टच्या भुकटीची. बारीक दळलेला दगड शेतात पसरायचा, झिजेचा वेग वाढवायचा. मध्य भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या भातशेतांत हेच करणाऱ्या माटी कार्बन या उपक्रमाला 2025 मध्ये एक्सप्राइझच्या कार्बन हटवण्याच्या स्पर्धेत पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. खडी क्रशरच्या डस्टचे ढीग खानदेशात कमी नाहीत, तेव्हा इथंही कुणी ना कुणी येईलच. भातखाचरातलं ओलं गणित मात्र आपल्या कोरड्या, चुनखडीयुक्त काळ्या मातीला जसंच्या तसं लागू होणार नाही. इथं बायकार्बोनेट नदीला लागण्याआधीच जमिनीत चुना होऊन बसू शकतं, आणि तसं झालं की त्यातला निम्मा वायू परत हवेत जातो. दळण्याचं आणि वाहतुकीचं इंधन वेगळंच. कार्बन क्रेडिटचा करार घेऊन कुणी बांधावर आला, तर आधी माती-पाणी तपासणीचा अहवाल मागा, सही नंतर.