शाळा भरली असतां धरणीकंप झाला तर?

हिंगोली जिल्ह्याचें नांव अलीकडे वृत्तपत्रांत वारंवार येऊं लागलें, तें दुर्दैवानें भूकंपाच्या निमित्तानें. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे येथें जमिनीखालून येणारे गूढ आवाज लोक कित्येक दिवस ऐकत होते. पुढें २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास, अवघ्या दहा-बारा मिनिटांच्या अंतरानें, दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा होता. त्याच वर्षीं १० जुलैला सकाळीं सव्वासाताच्या सुमारास पुन्हां तेवढाच धक्का बसला, आणि त्याचें केंद्र कळमनुरी तालुक्यांत रामेश्वर तांड्याजवळ असल्याचें सांगण्यांत आलें. नांदेड-परभणीपर्यंत जमीन हालली. मोठी हानि मात्र झाली नाहीं.

वाचकांनीं येथें घड्याळाकडे लक्ष द्यावें. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटेचे चार वाजावयास चार मिनिटें असतां. कळमनुरीचे धक्केहि बहुतेक शाळांची घंटा होण्यापूर्वींचे. त्या वेळीं आपलीं मुलें वर्गांत नव्हतीं, यांत आपल्या तयारीचा भाग कांहींच नाहीं. ८ ऑक्टोबर २००५ रोजीं काश्मिरांत सकाळीं नऊच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हां पाकिस्तानच्या ताब्यांतील मुलखांत शाळा भरलेल्या होत्या, आणि हजारों मुलें छपराखालीं सांपडून मेलीं.

धक्का बसतांच बाहेर पळावें, एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. तेंहि पुरतें खरें नव्हे. २००१ च्या प्रजासत्ताकदिनीं कच्छांतील अंजार गांवीं विद्यार्थ्यांची मिरवणूक चालली होती. मुलें उघड्यावरच होतीं. परंतु गल्ली अरुंद, आणि दोहों बाजूंस घरें. तीं कोसळून १८५ मुलें व २० शिक्षक मृत्यु पावले. तेव्हां 'बाहेर' म्हणजे नेमकें कोठें, हें आधींच ठरलेलें असावें लागतें.

शाळेंत शिकवावयाची कवाईत तशी सोपी आहे. जमीन हालत असतांना धांवूं नये. बाकाखालीं शिरून त्याचा पाय घट्ट धरावा आणि डोकें झांकावें. बाक नसतील तेथें खिडक्या-कपाटांपासून दूर, डोक्यावर दप्तर धरून बसावें. दगडमातीची जुनी इमारत असेल तर दाराशीं बसलेल्यांनीं मात्र लगेच बाहेर पडणें बरें. हालणें थांबलें म्हणजे ओळीनें मैदानाच्या मध्यावर यावें. भिंती, विजेचे खांब आणि पाण्याची टांकी टाळावी. गुरुजींनीं हजेरीपट बरोबर आणून नांवें पुकारावीं. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या सूचनांतहि अशा तालमी नियमित घ्याव्या असें सांगितलें आहे. परंतु पाहुणे बोलावून, हारतुरे घालून, छायाचित्रें काढून वर्षांतून एकदां जी तालीम होते, तिला आम्ही तालीम म्हणत नाहीं. गणिताच्या तासाला, न सांगतां घंटा वाजावी. तिसरींतील पोर तेव्हां काय करतें तें पाहावें.

घरचा वांटाहि लहान नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत आजोबा एका रस्त्यानें आणि काका दुसऱ्या रस्त्यानें शाळेकडे धांवावयाचे, नि दोघेहि एकाच मुलाला शोधीत राहावयाचे! मूल कोणीं आणावयाचें तें आधीं ठरवून वर्गशिक्षकांस कळवावें. मार्च २०२४ मधील धक्क्यांनंतर प्रशासनानें पत्र्याच्या छपरांवरील दगड काढून घेण्यास सांगितलें होतें. वाऱ्यानें पत्रे उडूं नयेत म्हणून ठेवलेला हा दगड धक्क्यासरशीं खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो. शाळेच्या ओसरीवर किंवा स्वयंपाकाच्या खोलीवर असे दगड आहेत काय, हें पालकसभेंत विचारावें. आणि सभा उठण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस आणखी एक प्रश्न करावा: मागच्या फाटकाची किल्ली शाळेच्या वेळांत कोणापाशीं असते?